बेसिनखालचा घोडा

फोटोंचा नाद लागला तेव्हा त्याला माणसाचं डोकंसुद्धा धड फ्रेममध्ये बसवता येत नव्हतं. पण दोन वर्षांत एडिटिंगवर असा हात बसला, की एक एजंट भाड्याच्या घरांचे फोटो त्याच्याकडे साफसफाईला पाठवू लागला. ओल, गंज, मेलेली झुरळं, सगळं तो कॉम्प्युटरवर सफाईने पुसायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

मग घर बदलायची वेळ आली. "तू बघितलंस ना, मग झालं," असं म्हणून त्याने सगळं बायकोवर सोपवलं आणि तिने फोनवरचे फोटो बघूनच घर पक्कं केलं.

टेम्पोतून सामान उतरलं. बाथरूमचं दार उघडताच ती मागे सरकली. भिंतीवर काळी बुरशी, मोरीच्या जाळीत कुणाच्या तरी केसांचा बुळबुळीत गोळा.

"शी, फोटोत कसं लख्ख दिसत होतं," ती नाक दाबून म्हणाली. "असले फोटो करणाऱ्याचे हात झडले पाहिजेत."

तो बेसिनखालच्या, घोड्याच्या तोंडासारख्या डागाकडे बघत राहिला. हाच डाग पुसायला त्याचा अख्खा रविवार गेला होता.