चार दिवसांचा निरोप

दार पाष्टेनंच उघडलं. केस पिकले होते, पण चष्म्यावरून बघायची सवय तीच.

"धनराज? अरे, परत नोकरीला आलास की काय?"

"नाही. फिरायले आलो."

साकोलीजवळच्या खेड्यातला, तलावात जाळं टाकून पोट भरणारा माणूस दुबईत फिरायला येतो, हे पाष्टेला पटेना. गावातही कुणाला पटलं नव्हतं. सगळ्यांत स्वस्त टूर, बारा जणांच्या खोलीत वरची खाट आणि पोटाला घरचा चिवडा. ज्या मेट्रो स्टेशनासाठी धनराजनं पंधरा वर्षांपूर्वी सळ्या बांधल्या होत्या, तिथं काल तो पहिल्यांदा तिकीट काढून उभा राहिला. वर पाहिलं, बरं बांधलं होतं, आणि पुढं निघाला. शहर बघायला तो आलाच नव्हता. त्याला या एका माणसाच्या तोंडाकडं बघून एक गोष्ट विचारायची होती.

पिशवीतून त्यानं तांदळाच्या पापडांचा पुडा काढला. "मायनं देले."

"आईंनी? माझी आठवण आहे त्यांना?"

नसायला काय झालं? बाप गेल्याची बातमी धनराजला पाष्टेनंच सांगितली होती. दोघं एका खोलीत येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. मायचा फोन खोलीवर आला तेव्हा धनराज कामावर होता, पाष्टेची सुट्टी होती. संध्याकाळी पाष्टेनं त्याला खाली बसवून सांगितलं, स्वतःच्या हातानं पेज पाजली. गेलेल्या माणसासाठी धावून काय करणार, म्हणून धनराज गेला नाही. पाच दिवसांनी शेजारच्यांच्या फोनवर माय भेटली, तेव्हा दोघंही नुसतीच रडली. महिन्याभरात त्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं आणि पाष्टे सुटला तो सुटलाच; त्याचा पत्ता आत्ता कुठं जुन्या साइटवाल्यांकडून मिळाला.

यंदा घर नावावर करायला त्यानं बापाचा मृत्यूचा दाखला काढला. तारीख चार दिवस पुढची निघाली. कारकुनाची चूक समजून तो हुज्जत घालणार, तर माय म्हणाली, "बराबर हाय. फोन केल्यावर चार दिवस होते ते. तू आला नाही. मी म्हटलं, सुट्टी भेटली नसन."

पंधरा वर्षांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

दोन दिवसांत तो घरी पोचला असता. पण तो गेला असता तर त्याच्या वाटणीचं काम जोडीदारावर पडलं असतं, आणि जोडीदार पाष्टे होता. म्हणून तर त्यानं बाप गेला असं मुद्दाम सांगितलं नसेल? दाखला हाती आल्यापासून धनराजच्या डोक्यात हेच घुमत होतं.

"पाष्टेभाऊ, त्या दिवशी माय फोनवर काय बोलली? जसंच्या तसं सांगा."

पाष्टेनं पुडा मांडीवर ठेवला. "विसरेन होय? मरणाची बातमी सांगायची माझी पहिलीच वेळ. दिवसभर मनात घोकत होतो. म्हणाल्या, 'धनराजचे बाबूजी जाऊन राहिले. त्याले सांगजा बाप्पा.' एवढंच, आणि फोन कट."

धनराज ऐकत राहिला. जाऊन राहिले. त्यांच्याकडं याचा अर्थ जात आहेत, अजून गेले नाहीत. पाष्टे चिपळूणकडचा. त्याच्या कानाला जाऊन राहिले म्हणजे गेले, आता परत येणार नाहीत.

भांडण करायला आलेल्या माणसाच्या हातात भांडणच उरलं नाही. चूक पाष्टेची म्हणावी तर त्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. मायची म्हणावी तर तिनं दुसरं काय म्हणायला हवं होतं?

"का रे? माझं काही चुकलं का तेव्हा?" पाष्टेचा चेहरा उतरला.

"नाही. बराबर सांगतलं तुमी."

तेवढ्यात मायचा फोन आला. धनराज उठून जिन्यात गेला.

"भेटला का तो? काय म्हणला?"

"भेटला. त्या दिवशी फोन खरखर करून राहिला होता म्हणे. त्याले नीट ऐकूच नाही आलं."

"मंग त्याची काय चूक? पापड देले ना त्याले?"

"देले."

"आता घरी कवा?"

"येऊन राहिलो, माय."



"असंच म्हणत होते तुये बाबूजी," माय म्हणाली. "चारही दिवस दाराकडे पाहून. जो येईन त्याले सांगत, धनराज येऊन राहिला."