चार वाजताचं दूध

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर आजोबांना काही केल्या बसवत नव्हतं. ते उठत, भिंतीवरचा जबड्याचा तक्ता वाचत, पुन्हा बसत. आतल्या खोलीत त्यांची नऊ वर्षांची नात खुर्चीत आडवी झाली होती. तिची आई, म्हणजे आजोबांची सून, ऑफिसातून तशीच धावत आली होती आणि लेकीच्या पायाशी उभी होती. दार अर्धवट उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं, हाच खरा ताप होता.

जिन्यात पोरीचा पाय घसरला आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दात दुधाचा असता तर गोष्ट वेगळी. हा कायमचा.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या की, फोनवर सांगितल्याप्रमाणे तुकडा दुधात ठेवला होता ना, मग तो कुठे आहे? तो असता तर तोच चिकटवला असता, आपल्या दाताची सर दुसऱ्या कशाला नाही. आता सिमेंट भरून कोपरा घडवायचा. रंगात थोडा फरक दिसणार, आणि काही वर्षांनी पुन्हा हीच खुर्ची.

"मी दूध ओतून दिलं," नात म्हणाली. "बेसिनमध्ये. चुकून."

सुनेने तिला फैलावर घेतलं. एवढी मोठी झालीस, अक्कल काय गहाण टाकली होतीस? नात छताकडे बघत राहिली. बाहेर आजोबा पुन्हा जबड्याचा तक्ता वाचू लागले.

दूध कोणी ओतलंच नव्हतं. ते आजोबा प्यायले होते. तुकडा त्यांनीच कपात टाकला, कप ओट्यावर ठेवला, मग चष्मा शोधला, किल्ली शोधली, दवाखान्याच्या पत्त्याचा कागद शोधला, आणि त्या धांदलीत चार वाजले. चारला दूध घ्यायची त्यांची सवय. हात गेला, कप तोंडाला लागला आणि रिकामा झाला. पस्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत ते पोरांना बजावत आले होते की, चंचुपात्रातलं काही तोंडाला लावायचं नाही. नातीने रिकामा कप पाहिला, आजोबांकडे पाहिलं. रिक्षात बसल्यावर तिने ओठांवरचा रुमाल जरा बाजूला केला. "मी ओतलं असं सांगते," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका."

पोरीला सगळं कळत होतं. गेल्या महिन्यात आजोबांच्या हातून गॅस चालू राहिला. मग एकदा ते तिला शाळेतून आणायचंच विसरले. आणखी एकदा असं काही झालं तर शाळा सुटल्यावर तिला पाळणाघरात ठेवायचं, असं सुनेने परवा जेवताना शांतपणे सांगितलं होतं. सून शांतपणे बोलली की तिचं ठरलेलं असे. आणि आजोबांच्या दिवसात साडेतीननंतरचा तेवढाच काय तो भाग जगण्यासारखा होता.

त्यांनी तोंडात जीभ फिरवली. खालची कवळी टोचत होती. घरातून निघाल्यापासून टोचत होती, पण आज स्वतःच्या हिरडीचं रडगाणं गायचा दिवस नव्हता. आत पाण्याचा फवारा सुरू झाला तसे ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि दाराकडे पाठ करून त्यांनी कवळी काढली. तिच्या आतल्या बाजूला काहीतरी अडकलं होतं. पांढरं, तिरकं, तांदळाच्या दाण्याएवढं.

त्यांना इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. पण लगेच त्यांनी मूठ मिटली. तुकडा द्यायचा म्हणजे तो कुठे होता ते सांगायचं. बेसिनचं भोक चांगलं रुंद होतं. कोणी बघत नव्हतं. सिमेंटनेही दात होतोच की, त्यांनी स्वतःला सांगितलं. पोर आपल्यासाठी बोलणी खाऊन बसली, ती बोलणी फुकट कशाला घालवायची, हेही सांगितलं. मनाची समजूत काढायला बसलं की कारणांना तोटा नसतो.

"आता भरायला घेते हं," आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबांनी दार ढकललं आणि तळहात पुढे केला.

"थांबा. हा घ्या," ते म्हणाले. खालचे दात नसल्यामुळे शब्द घरंगळत होते. "दूध मी प्यायलो. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने तुकडा उचलला, धुतला, दाताला लावून पाहिला. नेमका बसला. इतका वेळ हा होता कुठे, असं त्यांनी विचारलं.

"कवळीखाली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ओला राहिला. कोरडा पडला असता तर रंग गेला असता."

सुनेने लेकीकडे पाहिलं, पण तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते, तिला काही विचारण्यात अर्थ नव्हता. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते कवळी मुठीत धरून भिंतीला टेकले होते. पाळणाघराचा विषय आता निघेल, मग निघेल, अशी वाट पाहत ते उभेच राहिले. तुकडा चिकटला, निळा दिवा लागला, विझला, दात घासून गुळगुळीत झाला. नात उठून आरशासमोर गेली आणि ओठ वर करकरून बघू लागली.

सुनेने पर्समधून कागदी रुमाल काढला आणि कवळी गुंडाळायला सासऱ्यांच्या हातात दिला.

"बाबा, उद्या हिची शाळा साडेतीनलाच सुटते," ती म्हणाली. "आणि चारचं दूध हिने हातात दिलं तरच प्यायचं."