पलीकडच्या जिल्ह्यातलं घर

“आज तोंड उघडायचं नाही,” बाईंनी फाटकातच नवऱ्याला बजावलं. “घर बघायचं, मान हलवायची आणि गप्प बसायचं.”

बजावणं भागच होतं. साहेब व्हॅल्युअर. लोकांच्या घरांच्या किमती ठरवण्यात सगळी नोकरी गेली, स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. घर घ्यायला गेले की सवयीनं खरी किंमत बोलून जायचे आणि मालक ऐकून शहाणा व्हायचा. अशी किती घरं हातची गेली. आता आपल्या जिल्ह्यात तर भाव इतके चढले होते की घराचं नाव काढायची सोय उरली नव्हती. म्हणून हा पलीकडचा, स्वस्तातला जिल्हा.

मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. एकेक खोली उघडून दाखवत होत्या. साहेबांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. डोळे चमकले. पण तोंडात मिठाची गुळणी.

“का हो, आवडलं नाही?” मालकीणबाईंनी विचारलं. उत्तर नाही. “बरं, थोडं कमी करते.”

पुढच्या खोलीत आणखी थोडं. माडीवर आणखी. मागच्या दाराशी येईपर्यंत आकडा असा खाली आला की बाई मनातल्या मनात शिलकीची बेरीज करू लागल्या. एवढे तर होते त्यांच्याकडे! इसाराचा चेक पर्समध्येच होता. स्वयंपाकघरात ओट्यावर ऊन आलं होतं. चहाचा डबा कुठे ठेवायचा हेसुद्धा बाईंनी मनात ठरवून टाकलं.

“एवढी कसली घाई, मावशी?” त्यांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

“मुलीची ताकीद आहे, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. तुमच्याच जिल्ह्यात असते ती. म्हणते, घर विक आणि त्या पैशात माझ्या शेजारी दोन खोल्या घे.”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं डोळे वटारले. साहेब निमूटपणे छताकडे बघू लागले.

बाईंनी पर्सची चेन उघडली. चेकला बोटं लागली. तिथेच थांबली.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “ह्या पैशात आमच्याकडे दोन खोल्या सोडाच, न्हाणीघरसुद्धा येत नाही. आणि तुमचं घर ह्याच्या दुपटीचं आहे.”

साहेब बघतच राहिले. व्हॅल्युअरशी इतकी वर्षं संसार केलेला. भाव बाईंनाही कळत होता.

मालकीणबाई स्टुलावर टेकल्या. “दुपटीला विकलं तरी नाही जमायचं?”

“एक खोली. कशीबशी,” साहेबांना अखेर वाचा फुटली. “तीही गावाबाहेर.”

“माफ करा हं, मावशी,” बाईंनी पर्सची चेन लावली. घरही गेलं होतं, आणि वर ह्या म्हातारीचा बेतही आपणच मोडला होता. “लेकीजवळ जायला निघाला होतात, आणि मी...”

मालकीणबाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी केव्हाच मुलीला फोन लावला होता.

“अगं, जाणती माणसं आलीत घर बघायला. नाही जमायचं म्हणतात. माझं काय ऐकतेस, थांब, साहेबांशीच बोल.”

फोनवर तळहात दाबून त्यांनी तो साहेबांपुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, “तिकडचे भाव जरा वाढवूनच सांगा हं.”