माही बोली

पुण्याच्या कॉलेजात आचलच्या वऱ्हाडीवर मुलं हसली, तेव्हापासून तिने रॅप करणं सोडलं होतं. आता अकोल्यात, जठारपेठेतल्या बंद खोलीत, तिघांच्या जॅझ अल्बमचं शेवटचं गाणं लॅपटॉपवर रेकॉर्ड होत होतं. अबोली सॅक्सोफोन वाजवत होती, शुभंकर ड्रम, आचल इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. गाणं काही केल्या पेटत नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. खोलीत काळोख झाला, कीबोर्ड बंद पडला, पण बाकी दोघं थांबलेच नाहीत. अंधारात आचलचा आवाज उसळला, “माही बोली मी काहून लपवू, कोणाच्या हसण्याले काहून भिऊ!” ड्रम तिच्या शब्दांमागे धावले, सॅक्सोफोन खिदळू लागला. लाइट आली तशी ती ओशाळली. “लॅपटॉप बॅटरीवर होता,” शुभंकर ओरडला, “सगळं रेकॉर्ड झालं!” “पुसून टाक बे!” आचल म्हणाली. अबोलीने तिला हेडफोन लावले. आचल ऐकत राहिली, मग किंचाळली, “आवाज वाढव!”