सतरा नंबरचा नमुना

“आज पप्पू नाही आला?” सुकदेवने दारातच विचारलं.

“गावी गेलाय, लग्नाला. आज रक्त मीच घेणार,” अमृता म्हणाली आणि बॅग खाली ठेवली. सकाळचे साडेनऊ झाले होते, पण अथाल गावातल्या त्या कामगारांच्या चाळीचा पत्रा आत्ताच तापला होता.

सुकदेवने मागे वळून बायकोकडे पाहिलं. केसरबाई चहाचं आधण ठेवायला गेली.

पप्पू हा लॅबचा माणूस, केसरबाईच्याच गावचा, शहाद्याकडचा. गेली दोन वर्षं दर महिन्याला तोच या खोलीतून रक्ताची बाटली घेऊन जायचा. बाटलीवर नाव नसे, नुसता सतरा नंबर. चोवीस बाटल्या, चोवीस रिपोर्ट, आणि रक्तात लिथियमचं, म्हणजे गोळ्यांतल्या औषधाचं, प्रमाण प्रत्येक वेळी जिथे हवं तिथेच. अमृताच्या अभ्यासातल्या बाकीच्या रुग्णांपैकी कुणी गोळ्या सोडल्या, कुणी नोकरी सोडली, कुणी गावच गाठलं. सतरा नंबर तेवढा टिकला.

त्याच्याच जिवावर ती परवा बंगळूरला मुलाखतीला निघणार होती. बायपोलर आजारावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांसाठीचा पुरस्कार होता तो. पीएचडीनंतर सात वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तिचं सातवं वर्ष सरत आलं होतं. एरवी तरुण म्हणावं असं तिच्यात आता फारसं काही उरलं नव्हतं. पुरस्कार मिळाला तर अभ्यास आणखी तीन वर्षं चालणार होता, आणि लोकांच्या गोळ्याही. नाहीतर महिनाअखेरीला सगळं बंद. समितीने सतरा नंबरचा ताजा रिपोर्ट मागितला होता. तो हातात पडला की झालं.

“रात्रीची गोळी किती वाजता घेतली?” तिने फॉर्म उघडला.

“साडेनऊला,” स्टोव्हशेजारून केसरबाई म्हणाली. “जेवन झाल्याबरोबर.”

सुकदेवने मान हलवली. तो रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि बसल्या बसल्या पेंगत होता. तसंही अमृताने त्याला काही विचारलं की उत्तर केसरबाईच द्यायची, अगदी पहिल्या दिवसापासून. झोप कशी, भूक कशी, मनात काय येतं, सगळं तिला तोंडपाठ. ‘जोडीदाराचा उत्तम सहभाग’ असं अमृताने फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं.

“गोळ्यांनी हात थरथरतात?”

सुकदेवने दोन्ही हात पुढे धरले. “थरथरले तर धागा कोन जोडनार, मॅडम?” सायली गावच्या सूत कारखान्यात तो तुटलेले धागे जोडायचा. केसासारखा बारीक धागा एका झटक्यात.

‘कंप नाही,’ अमृताने लिहिलं.

केसरबाई चहा घेऊन आली. बशीत कप खडखडत होता आणि थोडा चहा सांडलाच. तो पुसायच्या आधी तिने दारात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. ऊनच तसं होतं. अमृतानेही एक पेला मागून घेतला.

मग तिने महिन्याचा तक्ता पाहिला. सुकदेवचं अक्षर गोल, शाळकरी. ‘आज चांगलं वाटलं.’ ‘झोप चार तास, फार बोलणं झालं.’ एका मंगळवारी नुसतं ‘दुपारभर रडू आलं.’ त्या आठवड्यात त्याची दिवसपाळी होती. मशीन चालू आहे आणि समोर उभा माणूस दुपारभर रडतोय, हे चित्र अमृताच्या डोक्यातून जाईना. मुलाखतीत ती याच्यापासूनच सुरुवात करणार होती.

“सुकदेवभाऊ, कारखान्यात अजून त्रास देतात?”

“मेंटल म्हनतात. म्हनू द्या.” तो हसला. “जॉबरची, मुकादमाची बढती होती, ती निलेशला दिली. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं ते.”

“आणि तुमचे चिंधाभाऊ? येतात घरी?”

“भाऊ येतो की. पोरांना नाही आनत.”

अमृताला वाईट वाटलं, खरोखर वाईट वाटलं. हा शिक्का त्याच्यावर तिच्याच अभ्यासामुळे बसला होता. पण नियमच तसा होता, नाव कारखान्यातूनच नोंदवायचं. अभ्यास पाळीत काम करणाऱ्यांचा, म्हणून गोळ्या फक्त कारखान्याचं कार्ड असलेल्यांना. पहिल्या शिबिरात कामगारांच्या घरचे, शेजारचे, कितीतरी जण आले होते. त्यांना तिने स्वतः हात जोडून परत पाठवलं होतं.

“गोळ्या बंद नाही ना होनार, ताई?” केसरबाईने विचारलं. दोन वर्षांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“आजचा रिपोर्ट नेहमीसारखा आला, तर नाही होणार. चला भाऊ, बाही वर करा.”

सुकदेवने बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. कपाळावर घाम डवरला.

“दोन वर्षं झाली, अजून सुईची भीती वाटते?” अमृता हसली. तिने दंडाला रबरी पट्टा बांधला, कोपराच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पप्पू नेहमी टोचतो ती जागा शोधू लागली. सापडेना. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. मग दुसरा हात मागितला. त्याही हातावर कातडी गुळगुळीत होती, कधीच सुई न लागलेली.

“पप्पू कुठे टोचतो, भाऊ?”

केसरबाई पदराला हात पुसत पुढे आली आणि नवऱ्याला खेटून बसली. हिरव्या बांगड्या मनगटाकडे सारून तिने पोलक्याची बाही वर केली आणि आपला हात अमृताच्या मांडीवर उताणा ठेवला. कोपराच्या आत काळे-निळे ठिपके होते, दोन वर्षांचे, एकाला एक लागून.

“इथं, ताई.”