दोघं आत, एक बाहेर

सकाळी माळरानावरच्या, पक्षी बघायच्या लपणात दोघं शिरली आणि म्हैरी एकटीच बाहेर पडली. अंगात लाल जाकीट, चाल दणदण, गाणं बेसूर. भोवत्या पक्ष्याच्या मादीनं तिला जाताना बघावं म्हणून हा सगळा खटाटोप. या शिकारी पक्ष्याला मोजता येत नाही. एक माणूस गेलं की पीडा टळली असं समजून तो घरट्यावर उतरतो.

तशी मादी उतरलीही. आत म्हैरीचा बाप, निवृत्त पोस्टमन मर्डो, दुखरे गुडघे चोळत कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. हेदरच्या झुडपांत, जमिनीवरच घरटं. चार पिल्लं. चौथं अगदीच लिंबूटिंबू, सारखं कडेच्या झुडपात घुसणारं.

एकाएकी मादी ओरडत उडाली. समोरून कॅलम येत होता. म्हैरीचा नवरा, या माळरानाचा राखणदार. शिकाऱ्यांसाठी ग्राऊस, म्हणजे तित्तिरासारखे पक्षी, वाढवायचे, ही त्याची नोकरी. भोवत्या ग्राऊसची पिल्लं खातो. आणि भोवत्याला मारलं तर तुरुंग, फक्त पुरावा हवा.

मर्डोचं बोट बटणावर गेलं.

कॅलम घरट्यापाशी थांबला. लपणाकडे न बघताच बोलला, "मला मोजता येतं, सासरेबुवा. दोघं आत गेलात. परतली एकटी माझी बायको."

मर्डो आतूनच म्हणाला, "कॅलम, नको रे."

"ऑगस्टात पाहुणे शिकारीला येणार. त्यांना ग्राऊस मिळाले नाहीत तर मालक मला हाकलेल. घर नोकरीबरोबरचं आहे. काढा ना फोटो! मग लेक आणि नात कुठं राहतील, तेही तुम्हीच बघा."

"म्हैरीला ठाऊक आहे?"

"तिला कशाला त्रास?" कॅलमचा आवाज कापला.

मर्डोनं बोट बाजूला घेतलं आणि डोळे मिटले. बूट तीनदा आपटल्याचा आवाज आला. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. डोळे उघडले तेव्हा कॅलम शेवाळावर बूट पुसत होता. मग तो खाली मान घालून निघून गेला.

एक माणूस गेलेलं मादीनं पाहिलं आणि ती उतरली. लिंबूटिंबू झुडपातून बाहेर आलं. तिनं आणलेला उंदीर फाडून त्याला भरवला. बाकीची कुठं आहेत, हे तिनं शोधलंसुद्धा नाही.

संध्याकाळी म्हैरी गात गात बापाला न्यायला आली.

"काय बाबा, चौघं बरी आहेत ना?"

"एकच आहे."

"एक? काल तर चार म्हणालात!"

मर्डो कॅमेरा पिशवीत भरत राहिला.

"मोजताना चुकलो असेन," तो म्हणाला.