पहिल्या सीलचं पाणी

नाउजाच्या नव्या रायफलीत पीटाकाकांचा फायदा सरळ होता: आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ गावात शिकाऱ्याचा पहिला सील म्हाताऱ्यांना वाटतात, आणि काकांची स्वतःची शिकार मोतीबिंदूने बंद पडली होती. गोठलेल्या समुद्रावर खोका ठेवून त्यांनी रायफलीचा नेम जुळवायला तिला दिवसभर राबवलं: गोळी झाडायची, नळी पुसायची, पुन्हा गोळी. “काका, रायफलीवरची दुर्बीण तुम्हीच जुळवा ना!” “माझ्या डोळ्याने जुळवली तर शेजारच्या गावातलं कुत्रं मरेल, पोरी.” तिचा खांदा काळानिळा झाला तेव्हा कुठे तीन गोळ्या खोक्याच्या मधोमध बसल्या. आठवड्याने तिने सील ओढत आणला. “उपकार तुमचे, काका.” “माझे कसले? गोळ्या तुझ्या, खांदा तुझा. मी फक्त कलेजी खाणार.” तिने सुरी काढताच त्यांनी तिचा हात धरला, आणि आमच्या रीतीप्रमाणे वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मेलेल्या सीलच्या तोंडात सोडलं. “उपकार याचे. खाऱ्या पाण्यात तहानलेला होता. किंमत यानेच मोजली.”